धुऱ्यावरचं रक्त

खामगावला कॉलेजात असताना मी वार्षिक अंकासाठी घरात घडलेलं लिहिलं. धुऱ्याच्या भांडणात सख्ख्या काकानं बाबाला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं होतं. मनगटाचं हाड कातडीबाहेर आलं, तरी काका थांबला नव्हता. मी समोर उभी होते.

मराठीच्या सरांनी पहिल्याच ओळीवर लाल पेन चालवला. "कसली धुरा? जबाबदारीची? बांध म्हण. हाणामारी मात्र छान उतरलीय."

अंकाचं काम बघणाऱ्या मॅडमनी उलटं सांगितलं. "धुरा अस्सल आहे, ठेव. पण ते हाड अन् रक्त काढ गं. वाचवत नाही."

छापायला दोघांचीही सही लागत होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि त्या दिवशी मला वही कोणाच्या तरी तोंडावर फेकून मारावीशी वाटली.

रविवारी गावी जाऊन दोघांचं म्हणणं बाबाला सांगितलं. तो वाकड्या हातानं बशीतला चहा पीत होता.

"हाड काढलं त हात कसा मोडला म्हणा त्यायले," तो म्हणाला. "अन् बांध काऊन? आमी धुऱ्यासाठी भांडलो. रक्त माह्यं सांडलं, अन् वाचवत त्यायले नाही."

मी शब्द बदलला नाही, हाड अन् रक्तही काढलं नाही. फक्त खाली टीप लिहिली: धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. सही कोणीच केली नाही आणि लेख छापला गेला नाही. याचं मला वाईट वाटत नाही. बाबाला तो मी पूर्ण वाचून दाखवला. हाडाची ओळ आली तेव्हा त्यानं मनगट खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेतलं, पण थांब म्हणाला नाही.