म्हाताऱ्या डासांचा पिंजरा

उजवा हात पिंजऱ्यात घालायचा आणि डासांचं पोट भरेपर्यंत हलवायचा नाही, हे माझं रोजचं काम होतं. सत्तरच्या दशकात मी नागपुरात सदर भागातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. जाळीचे काही पिंजरे खाली कूलरच्या खोलीत, काही गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत. मे महिन्यात त्या टिनाच्या खोलीत माणूसही भाजून निघे. दोन्हीकडे कोवळे डास वेगळे, म्हातारे वेगळे. सकाळी मेलेले वेचायचे, मोजायचे, त्यावरून गणित मांडायचं. हात भाकरीसारखा सुजायचा आणि मी दिवसभर करवादलेली असे.

माझे मार्गदर्शक सर जन्मभर एकच सूत्र शिकवत आले होते: डास कितीही दिवसांचा असो, त्याची आज मरण्याची शक्यता तेवढीच. माझे आकडे वेगळं सांगत होते. वय वाढलं की मरण वाढत होतं, आणि उन्हानं ते आणखी भडकत होतं. प्रबंधावर सरांची सही झाली नाही तर माझी सगळी वर्षं पाण्यात जाणार होती. सर सही करेनात.

एका दुपारी ते गच्चीवरच्या खोलीत आले. वर्गात शुद्ध बोलणारे सर चिडले की घरच्या बोलीवर येत.

“म्हातारेच काहून मरून राहिले वं? तू उपाशी ठेवते त्याईले.”

मी सुजलेला हात त्यांच्या नाकासमोर धरला. “हा बघा उपास.”

त्यांनी म्हाताऱ्यांचा पिंजरा उचलून भिंतीवर आपटला. काड्या मोडल्या, जाळी फाटली. एकही डास उडाला नाही. उरलेसुरले फरशीवर सरपटत होते. सरांनी ते बुटानं चिरडले, टाच फिरवून फिरवून. माझ्या आलेखाचं शेवटचं टोक त्या म्हाताऱ्या डासांवरच उभं राहायचं होतं. या माणसाला गच्चीवरून ढकलून द्यावं, असं मला खरोखर वाटलं.

तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. कोवळ्यांच्या पिंजऱ्याची जाळी त्यांनी मुठीत धरून टराटरा फाडली. सगळे भणभणत आमच्या अंगावर आले. दार लावलेलं होतं. आम्ही दोघं आपापल्या मानेवर, कानांवर, तोंडावर फटाफट मारत सुटलो. टेबल उलटलं, काचेच्या नळ्या फुटल्या. एक डास सरांच्या गालावर बसला. मी हात उगारला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारला.

चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला. गालावर माझी बोटं उमटली होती आणि मधे रक्ताचा डाग.

सर गाल धरून उभे राहिले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “कोणत्या पिंजऱ्यातला होता?”

“उडून आला, सर.”

त्यांनी बुटाखाली चिरडलेल्या म्हाताऱ्या डासांकडे पाहिलं. मग उलटलेलं टेबल सरळ केलं आणि म्हणाले, “आण तुझा आलेख.”