हरणीचा 'तो प्रकार'

प्रधान साहेबांनी मला पोर्चमध्ये उभं केलं आणि छत्रीच्या टोकानं खाली दाखवलं. कोऱ्या सिमेंटवर एक मोठा पिवळट डाग होता. त्याच्या शेजारी दुसरा. पायरीजवळचा तिसरा अजून ओला होता.

"डॉक्टर, हे नॉर्मल आहे का?"

मी म्हणालो, सिमेंटच्या मानानं नाही. साहेब हसले नाहीत. मीही हसवायला बोललो नव्हतो.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. मी चिंचवडला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला तेव्हा ज्वारी उभी असायची आणि मधूनच एखादी कंपनी उगवायची. त्यांतल्याच एका नव्या कंपनीचे हे मॅनेजर. मुंबईहून आलेले, कडक इस्त्रीचे. कंपनीची मोटार 'येणार, येणार' म्हणत आली नव्हती. तोवर साहेबांना सकाळी स्टेशनवरून आणायला आणि संध्याकाळी सोडायला म्हादबाचा टांगा ठरवला होता. टांग्याला हरणी नावाची घोडी.

तक्रार अशी होती, की संध्याकाळी साहेब ऑफिसातून बाहेर येऊन पोर्चमध्ये उभे राहिले की हरणी 'तो प्रकार' करायची. सकाळी स्टेशनाबाहेरही तेच. मुतणं हा शब्द साहेब तोंडातून काढत नसत. आमच्या धंद्यात त्याला लाजून भागत नाही.

"शनिवारी डायरेक्टर येताहेत," साहेब म्हणाले. "घोडी आजारी आहे. गढूळ पांढरट पडतं, मी स्वतः पाहिलंय. पू असणार. तुम्ही फिट म्हणून सर्टिफिकेट दिलंत तर टांगा राहील. नाहीतर पिंपरीचा दुसरा बघितलाय मी."

म्हादबा खाली हरणीच्या मानेवर हात टाकून उभा होता. हे काम सुटलं तर घोडी विकावी लागणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. स्टेशनवरच्या चिल्लर सवाऱ्यांवर तिचा हरभरासुद्धा सुटत नव्हता. आणि कंपनीनं आजारी म्हणून काढलेली घोडी घेणार कोण? एखादा वीटभट्टीवाला. भट्टीवर घोड्याचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. मला हरणी तिथं जायला नको होती.

म्हादबा चिंचवड गावातला. लढाईत पलटणीबरोबर गेला होता, तोफा वाहणाऱ्या खेचरांवर. परत आला तो अर्धे कान तिकडंच ठेवून. जाड आवाज त्याला कळायचा, बारीक मुळीच नाही. माझ्या सायकलची घंटी त्यानं कधी ऐकली नाही. दोनदा धडकल्यावर मी घंटी वाजवायची सोडून दिली आणि लांबूनच बोंब मारायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात घोडी तपासली. लघवीची तक्रार आली की आम्ही आधी तीन गोष्टी विचारतो. किती, कितीदा, आणि सहज की कुंथून. गढूळपणाचं म्हणाल तर घोड्याची लघवी मुळातच गढूळ. तिच्यात चुन्याचा अंश असतो, थोडा चिकटपणाही असतो. माणसाची तशी झाली तर घाबरावं. घोड्याला तीच शोभते. साहेबांचा पू तिथंच निकालात निघाला.

मग मुतखडा. मुतखड्याचं जनावर कुंथतं, थेंबथेंब टाकतं, वळून पोटाकडं बघतं. हरणी माझ्या पिशवीकडं बघत होती, त्यात गूळ असेल म्हणून. मग माज. घोडी माजावर आली की शेपूट उचलून सारखी थोडी थोडी मुतते. पण तो आठवड्याभराचा खेळ, आणि इथं पोर्च खराब व्हायला लागून महिना होऊन गेला होता. पाणी जास्त पिते का? तर तेही न्हाई म्हणे.

नमुना हवा होता. तुपाचा रिकामा डबा घेऊन मी बाजेवर ठाण मांडलं. म्हादबा म्हणाला, बसता कशापायी? त्यानं ओठांचा चंबू केला आणि एक लांब, बारीक शीळ घातली. हरणीनं मागचे पाय फाकवले, पाठ ताणली आणि डबा भरून दिला.

ही पलटणीची शिस्त. घोड्याला मुतायचं तर थांबून, पाय ताणून उभं राहावं लागतं. म्हणून कूच करायच्या आधी शीळ घालून सगळ्यांचं उरकून घ्यायचं. रोजच्या सवयीनं जनावर शिळेला बांधलं जातं. मी ओरडून विचारलं, कंपनीत घालतोस का अशी शीळ? म्हादबाला राग आला. सायबाच्या म्होरं शीळ घालाय मी काय येडा हाय, म्हणाला.

डब्यात काही सापडलं नाही. दुखणं नसलेल्या जनावराचं करायचं काय, हे आम्हाला कॉलेजात शिकवत नाहीत. त्यातून म्हादबानं, हे थांबावं म्हणून, स्वतःच्या अकलेनं तिला गोखरूचा काढा सुरू केला होता. गोखरूनं लघवी मोकळी होते. म्हणजे साहेबांच्या सिमेंटच्या दृष्टीनं आगीत तेल. घोडी घरी शहाणी आणि कंपनीत बेताल, तेव्हा कंपनीतच जाऊन बघायचं ठरवलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी पोर्चच्या खांबाला टेकून उभा राहिलो. साहेब बाहेर आले. शिपाई बॅग आणायला परत आत गेला. साहेबांनी हात मागं बांधले, नव्या शेडकडं समाधानानं पाहिलं, आणि त्यांच्या ओठांतून शीळ निघाली. गाणंबिणं नव्हतं. एकच सूर, लांब, बारीक.

हरणीचे कान मागं वळले. मग पाय फाकले.

गेटवरच्या रखवालदाराला ती शीळ रोज ऐकू येत असणार. पण मॅनेजरच्या ओठांकडं बघणं त्याच्या ड्यूटीत नव्हतं. म्हादबानं डोक्याला हात लावला.

"साहेब, तुम्ही शीळ घालता," मी म्हणालो.

"मी?" साहेब ताठ झाले. "डॉक्टर, मी मॅनेजर आहे."

मी म्हादबाला ओरडून विचारलं, आत्ता शीळ ऐकलीस ना? त्यानं मान हलवली. "कवा? कुनीबी न्हाई घातली. सायेब कशापायी घालतील?"

गुन्हेगाराला गुन्हा ठाऊक नाही, साक्षीदार बहिरा, आणि फाशी घोडीला. माझं टाळकं सरकलं. साहेब म्हणाले, तुम्ही टांगेवाल्याची बाजू घेताय, आता पिंपरीवाल्याला निरोप धाडतो. मी म्हणालो, जरूर धाडा, पण बॅग येईपर्यंत काही न बोलता इथंच उभे राहा.

साहेब रागानं पाठ फिरवून उभे राहिले. हात मागं गेले. नजर शेडवर गेली. शेड खरोखरच चांगली झाली होती. ओठांचा चंबू झाला आणि शीळ सुरू झाली. घोडी नुकतीच मोकळी झालेली, पण पोटात गोखरू होता. तिनं पुन्हा पाय ताणले.

"साहेब," मी म्हणालो, "आहात तसेच वळा."

साहेब वळले. शीळ मधेच तुटली. हरणीचं मधे तुटत नाही. ते पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळे पाहत उभे होतो. साहेबांचा हात हळूहळू ओठांवर गेला.

"घरात मला हे कधी कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"घरी घोडी नसेल, साहेब."

शनिवारी डायरेक्टर आले. साहेबांनी तोंडात लवंग धरून त्यांचं स्वागत केलं. पोर्च कोरडा राहिला, टांगा राहिला, हरणी राहिली. सर्टिफिकेटात मी लिहिलं, घोडी निरोगी व आज्ञाधारक आहे. त्यानंतर जनावराला हात लावण्याआधी मी त्याच्या आसपास उभी राहणारी माणसं तपासून घेऊ लागलो. फार वेळ वाचतो.

पुढं साहेबांची बदली झाली. त्यांना निरोप द्यायला मी स्टेशनवर गेलो होतो. टांग्यातून उतरल्यावर साहेब हरणीसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग तोंडातली लवंग थुंकली आणि तिच्या कानाशी एक लांब शीळ घातली. भर रस्त्यात हरणीनं त्यांचा मान राखला. साहेब डोळे पुसत प्लॅटफॉर्मवर गेले.

म्हादबा माझ्याजवळ आला. "बगितलं का डाक्टर? काल काढा बंद केला, आन् आज परत सुरू झालं."