पुरणयंत्र, पापड आणि एक कुंची

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवशी आईने मला ते पुरतं वाचूच दिलं नाही. पहिल्या ओळीत प्रवेश मिळाल्याचं अभिनंदन होतं, तेवढं तिला पुरलं. ती पदर खोचून शेजारच्या काकूंकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या नव्या पनवेलच्या कॉलनीत वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करायला मी अमेरिकेला चालल्याची बातमी झाली. पत्रात खाली लिहिलं होतं की शिष्यवृत्तीचा निर्णय नंतर कळवू. मी ते दोनदा बोलून दाखवलं. "प्रवेश मिळाला म्हणजे मिळाला," आई म्हणाली. तिच्या माहितीत शाळा-कॉलेजात असंच होत होतं.

मग पार्सलं येऊ लागली. त्या काळी कॉलनीतलं कुणी परदेशी निघालं की त्याच्या बॅगेवर सगळ्यांचाच हक्क असे. निघणाऱ्याचे स्वतःचे कपडे उरलेल्या जागेत बसायचे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी बहिणीसाठी पितळी पुरणयंत्र दिलं. ते उचलतानाच माझा खांदा दुखला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई पनवेलच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत, त्यांनी भावासाठी पोह्याचे पापड दिले. शेजारच्या काकूंच्या मुलीला तिकडे नुकतीच मुलगी झाली होती. काकूंनी नातीसाठी हिरव्या खणाची, लाल काठ लावलेली कुंची शिवून दिली. आईने हे सगळं दिवाणाच्या पेटीत ठेवलं आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मी त्या दिवाणावरच झोपत असे.

दुसरं पत्र पावसाळ्यात आलं. विभागाचा निधी कमी झाल्यामुळे या वर्षी नव्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करण्याच्या बदल्यात मिळणारी शिष्यवृत्ती, देता येत नाही, प्रवेश मात्र कायम आहे, असा मजकूर होता. जेवण तयार आहे, फक्त ताट तुमचं तुम्ही आणा, असं सांगितल्यासारखं ते पत्र होतं. आमच्याकडे असलं ताट असण्याचा प्रश्नच नव्हता. मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलेच नाही. मला पुढे शिकायचं होतं, एवढंच. अमेरिका हे फक्त शिकण्याचं ठिकाण होतं, पण हे घरात कुणाला समजावून सांगायची माझी ताकद उरली नव्हती.

वडील रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. मागवलेला माल आला नाही तर काय वापरायचं याचा विचार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "पर्यायी काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही."

"असं कसं? एकाच माणसाकडून येणाऱ्या मालावर कारखाना चालवत नाहीत."

"मी कारखाना नाहीये, बाबा."

"म्हणून तर जास्त काळजी घ्यायची," ते म्हणाले आणि एकेक पर्याय सांगायला लागले. बँकेची परीक्षा, बी.एड., औषध कंपनीतली प्रयोगशाळा. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. ते चिडले नाहीत, हे मला आणखीच चिडवून गेलं.

आईचा पर्याय एकच होता. कुणाला काही सांगायचं नाही. जानेवारीत पुन्हा निघेल काहीतरी, तोवर पार्सलं राहू देत. याचा परिणाम असा झाला की मला घराबाहेर पडणं अवघड झालं. ऑगस्टमध्ये जाणार म्हणून जिचा गाजावाजा झाला, ती गणपती आले तरी कॉलनीत दूध आणताना दिसायची. नेऱ्याहून भाजी घेऊन येणारी मावशी तर मोठ्याने विचारायची, "काय गो, अजून गेली नाय तू? इमान चुकला काय?" सगळे हसत. मीही हसायची आणि घरी येऊन भाजीची पिशवी आदळायची.

गणपती गेल्यावर एका रविवारी मी पेटी उघडली आणि म्हटलं, मी सगळं परत देऊन येते. आई म्हणाली, "माझं नाक कापायला निघालीयेस." वडिलांनी पुरणयंत्राची पिशवी उचलली.

पार्सल परत करणं म्हणजे दारोदार जाऊन आपण नापास झाल्याचं सांगणं. वरच्या वहिनींनी पुरणयंत्र घेतलं, दांडा नीट आहे ना ते फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अमेरिकेतलाच मुलगा बघा ना हिला. दोन्ही कामं होतील." जिन्यात मी वडिलांना विचारलं, हा पर्याय तुमच्या यादीत नव्हता ना? ते म्हणाले, "तो माल आपण ठेवत नाही." त्या सगळ्या महिन्यांत मी पहिल्यांदा खरी हसले.

पापडवाल्या बाईंचे दिवस भरत आले होते. त्यांनी चहा केला, पापड परत डब्यात ठेवले आणि म्हणाल्या, "मी पुढच्या महिन्यात रजेवर जातेय. माझ्या जागी जीवशास्त्राला कुणी मिळत नाहीये. येशील?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. वडील चहाच्या कपात बघत गप्प बसले. ते काही बोलले असते तर मी नक्की नाही म्हटलं असतं. मी हो म्हटलं.

शेवटी काकूंकडे गेलो. तिथे जाणं सगळ्यात जिवावर आलं होतं, कारण काकूंनी ती कुंची डोळ्यांना ताण देऊन शिवली होती. त्यांनी हातच पुढे केला नाही. "तुझ्याकडेच असू दे. जाशील तेव्हा ने."

"काकू, मुलगी मोठी होईल तोवर."

"मग बाहुलीला घालेल."

कुंची पुन्हा दिवाणात गेली.

कॉलेजात मी चिडचिड करतच रुजू झाले. पण मुलांच्या सहलीबरोबर कर्नाळ्याला जावं लागलं. मुलं पक्षी बघायला वर माना करून चालत होती आणि मी ओल्या कातळावरचे फर्न, म्हणजे नेचे, बघत मागे राहिले. पुढच्या रविवारी मी एकटी लाल एसटीने पुन्हा गेले, त्यानंतरच्याही. एका नेच्याच्या पानामागची बीजाणूंची ठेवण मला पुस्तकाशी जुळवता येईना. मुंबईला माझ्या जुन्या सरांना नमुना दाखवला. ते म्हणाले, पीएच.डी.ला इथेच नाव नोंदव, गाईड मी होतो. पापडवाल्या बाई रजेवरून परतल्या तरी कॉलेजाने मला ठेवून घेतलं. दुसऱ्या वर्षी अमेरिकेला अर्ज केला, पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्या वर्षी केलाच नाही. त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कर्नाळ्याचा कातळ सोडून जायचं या विचाराचंही वाईट वाटायला लागलं होतं.

आईने मात्र हे सगळं तात्पुरतं धरलं. नोकरी तात्पुरती, पीएच.डी. तात्पुरती. माझ्या नमुन्यांना ती "ते गवत" म्हणायची. वर्तमानपत्रात दाबून ठेवलेले नेचे दिवाणाच्या पेटीत कुंचीशेजारी ठेवायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "ठेव, पण कुंचीला माती लागू देऊ नकोस. ती जायचीय." कुणी विचारलं की म्हणायची, "जाणार आहे ना. जरा अडलंय." मी भांडायची. नंतर भांडणंही सोडलं. माझा प्रबंध सादर झाला तेव्हा तिने शिरा केला, देवापुढे ठेवला आणि विचारलं, "आता तिकडे सोपं पडेल ना?" त्या शिऱ्याची चव मला आठवत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात काकूंची मुलगी पहिल्यांदा माहेरी आली. काकू नातीला घेऊन आमच्याकडे आल्या. चार-पाच वर्षांची, दोन वेण्या, हातात पिवळ्या केसांची बाहुली. मी दिवाण उघडून कुंची काढली. घड्यांवर रंग थोडा उडाला होता, माती मात्र कुठे नव्हती. मी ती तिच्या हातात दिली. काकू तिला म्हणाल्या, "ही मावशी तुझ्याकडे घेऊन येणार होती."

मुलीने माझ्याकडे नीट बघितलं. सावकाश, शब्द जुळवत तिने विचारलं, "मग तू का नाही आलीस?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. आता ती 'जरा अडलंय' म्हणणार, म्हणून मी मान फिरवली.

"तिला इथे काम होतं, बाळा," आई सुपातून वर न बघता म्हणाली. "कर्नाळ्याला नेचे असतात, त्यांचा अभ्यास केला तिने. तो झाला आता."

मी आईकडे बघत राहिले. ती खडे वेचत होती. मुलीने बाहुलीच्या डोक्यावर कुंची चढवली, बंद बांधायचा प्रयत्न केला, तिला जमेना. मग तिने बाहुली माझ्या मांडीवर ठेवली. मला नीट दिसत नव्हतं, तरी मी बंद बांधले.