घागर कुठं जड होते

विहिरीपासून वीस पावलांवर मला उभं केलं. ह्याच्या पुढं यायचं नाही, म्हणून कोणीतरी काठीनं धुळीत रेघ ओढली. विहिरीच्या ओट्यावर पाटील बसले होते, बाजूला गावची चार माणसं. माझ्या मागं माझी माय, रिकामी घागर कमरेवर घेऊन.

"सांग," पाटील म्हणाले. "घागर कवा जड लागते? पान्यात हाय तवा, का भाईर आल्यावर?"

हसू नका. गावच्या पाटलानं माझी विज्ञानाची परीक्षा घेतली, ती अशी. मी सातवीत होतो.

सुरुवात शाळेत झाली. आमचे गुरुजी दर शनिवारी शेवटच्या तासाला कोडी घालत. रोजच्या जगण्यातली. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायच्या आधी लोहार ती का तापवतो? ओलं धोतर सावलीतही वाळतं ते कसं? मी दाराबाहेर ओसरीवर बसायचो, तरी शनिवारची वाट बघायचो. इतर तासांना मला कोणी काही विचारत नसे. कोड्याला मात्र ज्याला सुचेल त्यानं हात वर करायचा, आणि बाहेरचा हातही गुरुजींना दिसायचा.

त्या शनिवारचं कोडं असं होतं. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, वर आली की जड होते. का?

मी हात वर केला.

"पानी तिले खालून वर ढकलते, गुरुजी. भाईर आली का ढकलनारं कोनी राह्यत नाही."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले. त्या एका शब्दानं मी फुगलो.

तेवढ्यात पाटलाचा मुलगा उठला. "गुरुजी, याले कसं मालूम? यानं घागर ओढली कुठं?"

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. गुरुजींनी पुस्तक उघडलं आणि त्यातच बघत राहिले.

मला कसं माहीत होतं ते सांगतो. आम्ही मांग. दोर वळणं आमचं काम. दोराचा धागा सुटायला अंबाडीच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात कुजायला टाकायच्या आणि त्या वर येऊ नयेत म्हणून दगड ठेवायचे. ते दगड काढायचं काम माझं. पाण्यात दगड एका हातानं उचलतो, बाहेर आला की दोन्ही हात लागतात. दगडाचं जे, तेच घागरीचं. एवढं सांगितलं असतं तर कदाचित मिटलं असतं. पण माझ्या अंगाला त्या कुजक्या अंबाडीचा वास यायचा आणि पोरं नाक दाबायची. डोहाचं नाव माझ्या तोंडातून निघेना. पहिली लाज ती.

दुपारपर्यंत गावभर झालं की मांगाच्या पोरानं विहीर बाटवली. माय रोज ओट्याखाली घागर ठेवून बसायची, कोणीतरी बाई वरून पाणी ओतायची. त्या दिवशी कोणीच ओतलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. बायका ज्या दोरानं पाणी ओढत होत्या तो माझ्या बापानं वळलेला. पाणी शिंपडून घेतला की तो दोर चालायचा. बाप तेव्हा दोर विकायला मंगरूळच्या बाजाराला गेला होता.

चौथ्या दिवशी मला बोलावलं.

"तू विहीर शिवला का?"

"नाही जी."

"मंग तुले कसं मालूम?"

पाटलांचा हिशेब सरळ होता. उत्तर खरं असेल तर मी घागर ओढली. ओढली नसेल तर उत्तर खोटं. खोटं आहे म्हणून कबूल कर, पाणी सुरू होईल.

मी मागं बघितलं. मायची घागर कोरडी होती.

"घागर दोन्हीकडं सारखीच जड लागते जी," मी म्हणालो. "मी मनानंच बोल्लो."

ओट्यावरची माणसं हसली. त्यांतल्या प्रत्येकानं त्या विहिरीतून घागर ओढली होती. मी आता खोटं बोललो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

मायची घागर भरली. घरी येऊन मी दोन तांबे पाणी प्यालो. गोड लागलं. इतकी वर्षं झाली, मला सगळ्यात जास्त लाज त्या गोडीची वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहावर होतो. माय म्हणाली, "हात घाल. दगड उचल."

मी उचलला.

"हलका हाय का जड?"

"हलका."

"मंग तितं काहून नाही म्हनला?"

"तुले पानी भेटावं म्हून."

"रेतीत झिरा खांदून मी पानी आनून राह्यली होती ना रे. तीन दिवस तू काय तहानंनं मेला?"

एवढं बोलून ती पेंढी धुवायला लागली. मला तिच्याकडं बघवेना. तिच्यासाठी बोललो असं म्हणत होतो, पण बोललो होतो भीतीनं. तिला ते कळलं होतं.

शनिवार आला. गुरुजी नवं कोडं घालणार, तोच मी ओसरीवर उभा राहिलो.

"गुरुजी, घागर पान्यात हलकीच लागते. मी विहीर शिवलो नाही. शिवलो असतो तरी ती हलकीच लागली असती."

"खाली बस," गुरुजी म्हणाले.

मी बसलो नाही. पाटलाचा मुलगा दप्तर तिथंच टाकून घराकडं पळाला.

संध्याकाळी आमचं पाणी पुन्हा बंद झालं. मी कुदळ घेऊन नाल्यावर गेलो. मागून माय आली. दोघांनी झिरा हातभर खोल केला. पाणी गढूळ होतं, निवळायला वेळ लागला. काठावर बसून मी एकच गोष्ट ठरवली. पुन्हा कोणी मला त्या रेघेमागं उभं करून विहीर शिवलास का म्हणून विचारलं, तर माझं उत्तर "नाही जी" नसेल. विचारायच्या आधीच मी विहीर शिवलेलो असेन.