मांगूर आणि शेजारचे कारकून

सत्तरच्या दशकात आम्ही कोंढ्याला राहायचो. आमच्या शेजारी एक कारकून होते. ते बाजारातून जिवंत मांगूर आणत आणि अंगणातल्या बादलीत सोडत. हा मासा हवा घ्यायला अधूनमधून पाण्याच्या वर येतो. तो तळाशी गेला, की कारकूनही गाल फुगवून श्वास रोखून बसत. मासा आधी वर आला तर त्याचा रस्सा, आणि यांनी आधी श्वास सोडला तर मासा परत तळ्यात, असा त्यांचा नियम होता. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस जिंकणार कसला? दर वेळी लालबुंद होऊन धापा टाकत.

"हे हारते आन् आमी लाखोळीची डाळ खातो," त्यांची बायको कुंपणापलीकडून म्हणे. "तुमीच सांगा बाई, मासोळी खाले आनली का शर्यतीले?"

एकदा मी कपडे वाळत घालत होते. मांगूर वर आला, तोंडभर हवा घेऊन खाली गेला. कारकुनांचे गाल अजून फुगलेलेच होते. आत पाट्यावर मसाला वाटला जात होता. त्यांनी दाराकडे पाहिलं, हळूच श्वास सोडला आणि ओरडले, "हारलो वं!"

तेवढ्यात त्यांना मी दिसले.

"तुमी पाह्यलं काय, बाई?"

"मी चादर पिळत होते," मी म्हटलं.

ते बादली घेऊन तळ्याकडे गेले. वाटलेला मसाला वाया जाऊ नये म्हणून मी त्यांच्याकडे वांगी पाठवली.