निळ्या रंगातला फरक

सात-आठ वर्षांपूर्वी मला बहुतेक सगळ्या गोष्टींवर मत असायचं. घोडबंदर रोडवरच्या आमच्या वसाहतीत शनिवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण क्लबहाऊसमध्ये जमायचो आणि बोलणं मुख्यतः माझंच चालायचं. सॉफ्टवेअरमुळे कुणाची नोकरी जात नाही, कामाचं स्वरूप बदलतं. माणसाच्या अंदाजापेक्षा मोजमाप नेहमीच सरस. आपले छोटे कारखाने मागे पडतात ते नीट मोजत नाहीत म्हणून. ही सगळी मतं मी वाचून बनवलेली. कारखान्यात मी कधी गेलेलो नव्हतो.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत. शाळांच्या गणवेशाचं कापड रंगवणारा छोटा कारखाना होता तो. मालक माझ्याच वयाचा. त्याने रंग मोजणारं एक यंत्र घेतलेलं. कापडावर टेकवलं की ते रंगाचे आकडे द्यायचं. मागवलेला नमुना आणि रंगवलेलं कापड यांत किती फरक पडला, तो कशाने भरून काढायचा, हे सांगणारं सॉफ्टवेअर त्याला हवं होतं.

तोवर हे काम एकच माणूस करत होता. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. साठीला आलेले, मूळचे इचलकरंजीचे, या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेले. खिडकीशी उभं राहून दोन तुकडे शेजारी धरायचे आणि "चालेल" किंवा "थोडा पिवळा द्या" एवढंच सांगायचे. माझी अपेक्षा होती की ते यंत्राला विरोध करतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते नेमकं काय मोजतं ते समजून घेतलं. मग मला दोन तुकडे दाखवले. ट्यूबलाइटखाली एकसारखे, अंगणात नेले तर एक सरळ हिरवट. त्यामागचं विज्ञान मला पाठ होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

मी मालकाला सुचवलं की तीन महिने मास्टरांनी नेहमीसारखा निर्णय द्यावा, त्याच कापडाचं माप यंत्राने घ्यावं, आणि दोन्ही नोंदी ठेवाव्यात. तीन महिन्यांनी त्या ताडून पाहिल्या. लाल, मरून, खाकी यांत मास्टर आणि यंत्र यांचं जवळपास कायम जुळत होतं. फिकट निळा आणि जांभळट रंगांत मात्र यंत्राने नापास केलेले तुकडे मास्टरांनी पास केले होते. आधी मला यंत्राचीच शंका आली. ते तपासून घेतलं, ठीक होतं. मग जुन्या ऑर्डरींच्या फायलींत नमुन्याशेजारी टाचलेले तुकडे मोजले. सुरुवातीच्या वर्षांत फरक नव्हता. नंतर तो हळूहळू वाढत गेलेला.

यंत्र सरस ठरलं याचा मला आनंद झाला, हे खरं सांगायला हवं. मालकासाठी अहवाल लिहायला घेतला, अर्धा झालाही. पण फक्त निळ्यातच फरक का, याचं उत्तर मिळत नव्हतं, म्हणून वाचत बसलो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदूत जास्तच, आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. ते वाचून मी अहवाल तिथेच थांबवला. तो आता एका माणसाच्या डोळ्यांचा अहवाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मास्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"फक्त निळा?" त्यांनी विचारलं.

"निळा आणि जांभळा. लाल अजूनही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो."

"मालकांना बोललात?"

"नाही."

"मग मी सांगतो. आधी डोळे दाखवून येतो."

डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. मास्टरांनी मालकाला स्वतःच कळवलं, आणि मालकाने समजुतीने घेतलं. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते कामावर आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी एक फिकट निळा तुकडा घेतला, एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा.

"या डोळ्याला हे कापड मळकं दिसतंय," ते म्हणाले, "आणि याला आत्ताच धुतलेलं."

मग त्यांनी जुन्या फायली मागवल्या आणि आपणच पास केलेले चुकलेले तुकडे एकेक करून वेगळे काढले. तासभर तेच चाललं होतं. मी त्यांना सांगितलं की यातला कुठलाच माल परत आलेला नाही, मुलांनी गणवेश घातले, कुणाची तक्रार नाही. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. "मला दिसायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

पुढे दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर दोन वर्षं आम्ही बरोबर काम केलं. कुठलं सूत रंग जास्त पितं, पावसाळ्यातल्या पाण्याने काय बदलतं, वाळल्यावर कुठला रंग उतरतो, हे ते सांगत गेले आणि मी सॉफ्टवेअरमध्ये घालत गेलो. प्रत्येक गोष्टीबरोबर कारखान्याला त्यांची गरज थोडी कमी होत होती. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते निवृत्त झाले तेव्हा छान निरोप समारंभ झाला. नवा मास्टर मालकाने नेमला नाही. यंत्रावर आता दिवा गावाहून येणारी, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली एक मुलगी बसते. प्रयोगशाळेतली नोकरी मिळवणारी ती तिच्या घरातली पहिलीच.

क्लबहाऊसमध्ये मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं की नोकरी जात नाही हे माझं बोलणं चुकीचं होतं. मास्टरांची गेली नाही, पण त्यांच्यानंतरची मास्टरची जागा गेली. त्यावर एक जण म्हणाला, मग त्या मुलीचं काय, तुझंच म्हणणं खरं झालं की. दोन्ही बाजू बरोबर वाटल्या, आणि त्या दिवशी मी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी सॉफ्टवेअर एका निळ्या छटेवर अडलं तेव्हा त्या मुलीने माझ्याकडून मास्टरांचा नंबर घेतला. आता महिन्यातून एखाद्या रविवारी ती तुकड्यांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी जाते. दोघं गॅलरीत उभं राहून पाहतात. तिथे ठरलेलं ती सोमवारी येऊन सॉफ्टवेअरमध्ये भरते.