लट्टूची माय

उमरखेड ते ढाणकी या पट्ट्यात अशी एक विहीर नसेल, जिच्या पोटातलं आमच्या मोटारवाल्या चाचांना ठाऊक नव्हतं. मालकाला पाणी किती हात आहे तेवढं माहीत. त्या पाण्यात कोण कोण राहतं, हे चाचांना. धंदा विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करण्याचा. जळालेली मोटार दोराने वर आली की मालक मोटारीकडे धावायचा आणि चाचा दोराला लागलेल्या शेवाळाकडे. तिकडे भाजी सुकते म्हणून शेतकरी कपाळाला हात लावून उभा, आणि इकडे हे आपले खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत हिरवा धागा अलगद सोडताहेत. "अहो चाचा, मोटार!" "मोटार कुठी पळून चालली? हे उद्या नाई राहत, भाऊ." लोक चिडायचे, वाटेल ते बोलायचे, पण वाइंडिंग चाचांसारखं कुणी भरत नसे, त्यामुळे पुन्हा त्यांनाच बोलवायचे.

माझी त्यांची ओळख माझ्या फजितीतून झाली. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे, आणि हे सांगायची संधी त्या काळात मी सोडत नसे. आमच्या विहिरीची मोटार काढायला चाचा आले, तेव्हा दोरावरचा हिरवा गुंता पाहून मी वर्गातल्या सुरात म्हटलं, "ही स्पायरोगायरा." चाचांनी मान वर केली नाही. "बोट लावून पाह्यलं का?" मी कशाला लावतेय! माझं सगळं शिक्षण आकृत्या काढण्यात गेलेलं. त्यांनी तो गुंता माझ्या तळहातावर ठेवला. "चिकनं लागते? बोटातून सुटते? नाई ना? मंग? हे खरबुडं हाय, ओल्या कापसावानी. तुमची स्पायरोगायरा येगळी, मॅडम." कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. क्लॅडोफोरा निघाली. दोन दिवस मला कुणाशी धड बोलवेना.

तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर शेदोनशे बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर विहीरमालकाचं नाव. हिरव्या शेवाळाचे चाचांनी स्वतःच पाच वर्ग पाडले होते, बोटांनी आणि नाकाने. चिकने, म्हणजे माझी स्पायरोगायरा. खरबुडे. जाळीवाले, ज्यांची पाण्यात मच्छरदाणीसारखी जाळी तयार होते. लसूणवाले, म्हणजे कारा. चुरडली की लसणासारखा उग्र वास येतो आणि अंगावरच्या चुन्याने कचकच लागते. या लसूणवाल्यांवर त्यांची भारी मर्जी. हे नितळ पाण्यातच राहतात, तेव्हा ज्याच्या विहिरीत हे, तो माणूस भला, असा त्यांचा हिशेब. पुतणीला स्थळ आलं तर नवऱ्या मुलाला न बघता चाचा थेट त्याच्या विहिरीत उतरले, आणि वर येऊन म्हणाले, "लसूणवाला नाई. नाई द्यायची पोरगी." चाचींनी तिथेच दटावलं, "पोरगी काय विहिरीत राह्यनार हाय का?" लग्न झालं. पुतणी सुखात आहे, पण चाचांचं त्या विहिरीबद्दलचं मत काही बदललं नाही.

मी त्यांना पुस्तकातलं सांगत असे. एकदा म्हटलं, चाचा, आता नवीन वर्गीकरण आलंय. तुमचे लसूणवाले आणि चिकने एका गटात गेले, आणि जमिनीवरची सगळी झाडं या गटाच्या जवळची, बाकीचं हिरवं शेवाळ निराळं. चाचा गंभीर झाले. दुपारभर बसून त्यांनी तेवढ्या बाटल्या खोलीतून काढल्या आणि अंगणात चाचींच्या मेथीच्या कुंड्यांजवळ मांडल्या. "रिश्तेदार हायेत तं संग राहू द्या. पन मॅडम, पक्कं हाय ना? उद्या पुन्हा तं नाई बदलनार तुमचे लोक?" मी छातीठोक "पक्कं" म्हटलं. देव मला क्षमा करो.

पाचवा वर्ग लट्टूंचा, म्हणजे भोवऱ्यांचा. त्यात एकच जण, व्हॉल्वॉक्स. खसखशीएवढे हिरवे गोळे. बाटली उन्हात धरली की स्वतःभोवती फिरत फिरत पोहताना दिसतात. यांना ना बोट लावता येतं, ना यांचा वास घेता येतो. हे नुसते बघायचे. भंगारातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चाचा तासन्‌तास बसत. गोळ्याच्या आत लहान गोळे असतात, त्या पोरी. त्या मोठ्या झाल्या की माय फुटते आणि पोरी बाहेर पडतात. ते पाहताना चाचा श्वास रोखून धरायचे. हे लट्टू त्यांना सगळ्या आयुष्यात एकाच ठिकाणी सापडले होते, ढाणकीच्या वाटेवरच्या गुरांच्या हौदात.

मग साखरेने त्यांचे डोळे नेले. आधी एक, वर्षभरात दुसरा. चाचा हसत म्हणाले, "चार जाती बोटात हायेत माया, त्या कोन नेते?" आणि खरंच, झाकण काढून बोट बुडवलं की अचूक सांगायचे. लट्टूंसाठी मात्र माझे डोळे लागत. दर रविवारी मी जायचे, बघायचे आणि सांगायचे: आज अमुक इतके, आत इतक्या पोरी. ऐकताना त्यांची मान हळूहळू गोल फिरायची. त्याच उन्हाळ्यात मालकाने हौद स्वच्छ करायला मोरचूद टाकलं, आणि शेवाळासकट तिथले लट्टूही मेले. उरली ती आमची एक बाटली. मी तिला पोटच्या पोरासारखं जपलं हो. सावलीत ठेवलं, पाणी बदललं. तरी एका रविवारी पाहते तर पाणी पांढरट, तळाशी गाळ, आणि हलत काहीच नव्हतं.

"आज काय म्हनतात?" चाचांनी विचारलं.

"मजेत आहेत," मी म्हटलं. "आत सात पोरी."

पुढच्या रविवारीही सात पोरी, जरा मोठ्या. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी मोठ्या. पाचव्या रविवारी चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, तुमच्या लट्टूची माय फुटून काहून नाई राह्यली? चार-पाच दिसांत फुटते ती. तुमची महिना झाला तशीच हाय."

मला खरंच ते सुचलं नव्हतं. ज्या माणसाचं एवढं गेलं, त्याला आणखी काही फुटलं, संपलं, हे माझ्या तोंडून निघतच नव्हतं. त्यामुळे माझ्या खोट्या बाटलीत कुणी मरतच नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. एम.एस्सी. फर्स्ट क्लास, पन्नाशीची बाई, हमसून हमसून.

"कवा गेले?"

"महिना झाला, चाचा."

"बरं," ते म्हणाले. बाटली मागून घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिली. "पुढच्या रविवारी याच तुमी. सांगाच. फक्त माय फुटू द्या, मॅडम. तिच्याबिगर पोरी कशा निंगतीन?"

पुढच्या रविवारी मी गेले. रिकाम्या काचेला डोळा लावला.

"फुटली, चाचा."

"किती निंगाल्या?"

"साती."

त्यांनी एकेक बोट मिटत सात मोजले. "फिरून राह्यल्या?"

"फिरून राह्यल्या," मी म्हटलं.

चाचा त्यानंतर दोन महिने होते. दर रविवारी मी माय फुटू दिली, आणि दर रविवारी पोरी बाहेर आल्या.